गाळ्यांवरचा ‘जैसे थे’

काष्टीच्या बाजारतळाजवळ राधाकृष्ण अण्णांना गाळे बांधायचे होते, पण बँक त्यांना एकट्याला कर्ज देईना. तेव्हा होणाऱ्या भाडेकरूंनी कर्जावर सह्या केल्या. हप्ते भाडेकरूंनी भरायचे आणि कर्ज फिटेपर्यंत तेच भाडं समजायचं, अशी तोंडी बोली झाली. प्रणिता जोशीने तिथे झेरॉक्सचं दुकान टाकलं, हप्ता कधी चुकवला नाही.

पुढे कारभार अण्णांच्या मुलाकडे, करणकडे आला. हप्ता वेगळा, भाडं वेगळं, नाहीतर गाळा खाली करा, असं तो म्हणू लागला. भाडेकरू श्रीगोंद्याच्या कोर्टात गेले. कोर्टाने ‘जैसे थे’चा हुकूम दिला आणि मग नुसत्या तारखा पडत राहिल्या. कधी वकील आजारी, कधी जज्जसाहेब रजेवर.

तेवढ्यात स्लॅब गळायला लागला. प्रणिताच्या वकिलाने बजावलं, स्लॅबला हात लावू नका, हुकूम मोडेल. अण्णांच्या वकिलाचंही तेच. झेरॉक्सच्या मशीनवर प्लास्टिक टाकून टाकून वैतागलेली प्रणिता शेवटी अण्णांच्या घरी गेली.

“अण्णा, तुमचा स्लॅब सडतोय आणि माझं मशीन. जिंकेल त्याला मिळणार काय?”

अण्णा उठले. मग घमेलं घेऊन तिच्याबरोबर निघाले. दोघांनी स्लॅबवर चढून भेगा सिमेंटने बुजवल्या.

करणने खालून त्याचे फोटो काढले; अण्णा त्यांत पाठमोरे होते. पुढच्या तारखेला बाप-लेकाच्या वकिलाने ते कोर्टापुढे ठेवले, भाडेकरूंनी हुकूम मोडला म्हणून. साहेबांनी फोटो पाहून विचारलं, हे घमेलंवाले गृहस्थ कोण?

अण्णा उभे राहिले. “मीच हाय साहेब. इमारत माझीच हाय.”

मग हप्त्याचं काय ठरलं होतं, असं साहेबांनी विचारलं. वकील अण्णांची बाही ओढत होता.

“हप्ता हेच भाडं. आसंच ठरलं हुतं.”

त्याच दिवशी तडजोड लिहून झाली. करण सह्या होईपर्यंत न थांबता बाहेर पडला.

कोर्टाच्या पायरीवर प्रणिताने अण्णांना गाठलं. तीन वर्षं तारखांना दुकान बंद ठेवून ती यायची, हे त्यांना दिसत होतं.

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“कुनी इचारलंच न्हाई, पोरी. वकील म्हनला, तुमी गप बसा.”

तिने कपाळाला हात लावला. आनंद व्हायला हवा होता, पण आत्ता तिला फक्त घरी जायचं होतं.