रिकाम्या हातांनी

मर्गिलान शहरातल्या त्या मोहल्ल्यात बाई घराबाहेर पडली, की तिच्या हातात काहीतरी असावं लागतं. रोट्यांची पुरचुंडी, दुधाची किटली, नाहीतर शेजारणीचं परत करायचं भांडं. मुअत्तर मात्र रोज सकाळी कालव्याच्या कडेने रिकाम्या हातांनी भराभर चालत जायची आणि तशीच परत यायची. कुठे निघालात ओपा, म्हणजे ताई, असं कुणी विचारलं की ती खरं तेच सांगायची, कुठेच नाही. तिथेच तिचं चुकलं.

तिचं अर्धं आयुष्य रेशमाच्या कारखान्यात, कढत पाण्यातल्या कोशांच्या धाग्यांची टोकं शोधण्यात गेलं होतं. बोटं इतकी सुजली की चहाची किटली उचलवेना. डोक्यावरच्या रुमालाची गाठसुद्धा सून हुल्करने मारायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गोळ्या घ्याच, पण अंगातली सूज उतरायला हवी असेल तर साखर आणि चरबी कमी करा, वेळेवर झोपा आणि रोज चाला. मुअत्तरने अक्षरन् अक्षर पाळलं. जर्दाळू फुलले तेव्हा सुरुवात केली होती. तुती पिकायला लागली आणि एका सकाळी तिची मूठ वळली. कितीतरी वेळ ती मूठ मिटून उघडून बघत बसली.

आणि त्याच आठवड्यात मोहल्ल्यातले म्हातारे समेट करायला दारात हजर. सासू रोज रुसून घरातून निघून जाते, सुनेने छळ मांडलाय, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मुलगा बोतिर शरमेने अर्धमेला झाला. आईला न विचारता त्याने पुलावाची कढई चढवली आणि मंडळी अंगणातल्या बाजेवर बसली. त्यांच्यातले थोरले तुर्सुन, ज्यांना सगळे आदराने ओता, म्हणजे बाबा म्हणत, ते हुल्करला सासूची सेवा कशी करावी ते ऐकवत राहिले, आणि ती पोर मान खाली घालून त्यांच्याच पेल्यात चहा ओतत राहिली. मुअत्तरच्या अंगाचा तिळपापड झाला. याच मुलीने आजवर तिचे केस विंचरले होते.

तिने डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगितलं. ओतांनी ऐकून घेतलं आणि ताटातला चरबीचा मोठा तुकडा मानाने तिच्यासमोर सरकवला.

"मग अंगणात चाला की," ते म्हणाले.

"अंगणात तंदूर आहे, गाय आहे, द्राक्षांचा मांडव आहे. चालू कुठे?"

"तर मग हातात एखादं भांडं घेत जा. लोकांना दिसू दे, बाई कामाला निघालीय."

"उभा जन्म मी अंधारात कारखान्यात चालत गेले, ओता. तेव्हा कुणी समेट करायला आलं नाही. दुसऱ्यासाठी झिजले तर चालतं, आणि स्वतःच्या हाडांसाठी चालले की घराची अब्रू जाते?"

"आई, पुरे कर," बोतिर दबक्या आवाजात म्हणाला. "उद्यापासून हे बंद. माझं नाक कापलं गेलं, तेवढं बास झालं."

"तुझं नाक राहू दे. माझे हात गेले तरी चालतील, होय ना रे?"

ओतांनी मग वाद मिटवायला दोन्ही तळवे दुआसाठी उचलले. एकदा ते चेहऱ्यावरून फिरले की गोष्ट संपली, तिच्यावर पुन्हा कुणी बोलायचं नाही, अशी तिथली रीत. मुअत्तर घरातच राहील, घरात शांती नांदेल, असं ते पुटपुटले. पाठोपाठ सगळ्या पुरुषांचे तळवे वर झाले.

मुअत्तरने चरबीचा तुकडा ओतांच्या बाजूला सारला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून मुठी घट्ट मिटल्या. हुल्करनेही किटली खाली ठेवून तळवे उचलले नाहीत. ओतांचे तळवे तसेच हवेत अडकून राहिले.

मुअत्तर बाजेवरून उतरली. हुल्कर सवयीने तिच्या पायांत जोडे घालायला वाकली.

"राहू दे," मुअत्तर म्हणाली. "तू तुझे घाल. माझ्या जोड्यांची नाडी मी बांधते."