ताकदीची सुई

"तूच नाही म्हणालीस," डॉक्टर म्हणाले. "आम्ही विचारलं होतं. या सिस्टर समोर होत्या."

टाक्यांवर हात दाबून शिवलीला त्यांच्या टेबलासमोर उभी होती. बस म्हणायचंही कुणाला सुचलं नव्हतं. तिचा नवरा मल्लिनाथ दाराशी घुटमळत होता. वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत, नाकात नळी घालून, तिचं सातव्या महिन्यातलं बाळ पडलं होतं.

विचारलं होतं, हे खरंच. कसं विचारलं, ते मात्र कुणी सांगत नव्हतं.

शिवलीला चिंचोळीच्या कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायची. चार दिवस माहेरी गेली आणि तिथं अवेळी कळा सुरू झाल्या. गावाकडच्या दवाखान्यात त्या थांबवल्या आणि बाळ लवकर आलंच तर त्याची फुप्फुसं तयार असावीत म्हणून लागोपाठ दोन दिवस तिच्या कमरेत सुई दिली. "ताकदीची सुई हाय, बाळासाठी," असं तिथली नर्स म्हणाली. शिवलीलानं ती प्रसादासारखी घेतली. नाव विचारायचं असतं हे तिला कुणी शिकवलं होतं?

दुसऱ्या सुईनंतर ती सासरी परतली, तर बाळ पोटात गप्प झालं. सासू निंगव्वा घाबरली आणि तिघं तडक सोलापूरच्या या दवाखान्यात आली. पोटाला पट्टे बांधले, मशीनमधून कागद सरकू लागला. धडधाकट बाळाच्या ठोक्यांची रेघ खालीवर डुलत असते. ही जवळजवळ सपाट येत होती.

"स्टेरॉइड घेतलंय का विचारा," डॉक्टर आत जाता जाता म्हणाले.

"स्टेरॉइड घेतलंस का गं?" विजयमाला सिस्टरनी विचारलं.

स्टेरॉइड म्हणजे तालमीतली पोरं दंड फुगवायला घेतात ते, एवढंच शिवलीलाला ठाऊक. ती लाजलीच. "यव्वा! न्हाय बाई, तसलं कायबी न्हाय."

झालं. बाळ दमलंय, आत्ताच्या आत्ता काढलं नाही तर हाती लागणार नाही, असं सांगून मल्लिनाथची सही घेतली. आणि दमलेलं म्हणून काढलेलं बाळ बाहेर येताच खणखणीत रडलं! निंगव्वानं ते दाराबाहेर ऐकलं.

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई शिवलीलाच्या खाटेवर टेकल्या, तेव्हा कुठं उलगडा झाला. त्यांनी सरळ विचारलं, "हे पोटात असताना तुला कमरेत सुया दिल्या होत्या का?"

"व्हय की. ताकदीच्या."

बाई म्हणाल्या, तेच स्टेरॉइड. त्यानं पोटातलं बाळ दोन-तीन दिवस सुस्तावतं, रेघही सपाट येते, मग ते आपोआप पूर्वीसारखं होतं. सुईचं कळलं असतं तर सोनोग्राफी करून, पुन्हापुन्हा पट्टे लावून वाट बघता आली असती.

म्हणजे पोर नुसतं पेंगत होतं. पेंगणाऱ्या पोराला त्याच्या घरातून ओढून बाहेर काढलं होतं! हे कळलं तशी ती जिना उतरून डॉक्टरांच्या टेबलासमोर उभी राहिली होती.

"स्टेरॉइड शब्द आजकाल सगळ्यांना माहीत असतो," डॉक्टर म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

"सुई देताना मराठीत सांगायचं आन् इचारताना इंग्लिशमदी," शिवलीला म्हणाली. "मग मी कुटं चुकले, सांगा की."

"चल गं, बाळाकडं बगू," मल्लिनाथ म्हणाला.

"बाळाकडंच बगायलीय मी."

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

दोन दिवसांनी बाळ गेलं. जंतू लागले म्हणाले. एवढ्याशा जिवाला बाहेरचं सोसत नाही म्हणाले. मग बाहेर काढलं कुणी, हे निंगव्वानं विचारलं, तर तिला हळू बोलायला सांगितलं.

घरी जायच्या दिवशी शेजारच्या खाटेवर नवी पोर आली होती, सिद्धेश्वरी. तिलाही अवेळी कळा येत होत्या. विजयमाला सिस्टर सुई घेऊन आल्या. "घाबरू नकोस गं, ताकदीचं इंजेक्शन आहे."

पिशवी भरणारी शिवलीला थांबली. "बाई, नाव सांगा तिला."

सिस्टरांचा हात तसाच राहिला. त्यांना शिवलीलाकडे बघवेना. "स्टेरॉइड," त्या म्हणाल्या.

"म्हण," शिवलीला त्या पोरीला म्हणाली.

"स्टे... रेट."

"स्टेरॉइड. परत म्हण."

"स्टेरॉइड."

"हां. ह्यानं बाळ दोन-तीन दिस गप ऱ्हातंय. गप वाटलं तर दाखवायचं, पन आदी ह्ये नाव सांगायचं. कुनीबी इचारू दे, व्हय म्हनायचं."

पोरीनं मान हलवली आणि ओठातल्या ओठात शब्द पुन्हा घोकला.

शिवलीलानं उशाखालून टॉवेल काढला. बाळाला गुंडाळायला तिनं कारखान्यात स्वतः कडा शिवलेला, घडीही न मोडलेला. तो पिशवीत सगळ्यात वर ठेवला. पिशवी घ्यायला मल्लिनाथनं हात पुढे केला. टाके ओढत होते, तरी तिनं ती दिली नाही.