अर्धा पत्ता

स्क्रिप्ट जमली की धाकट्याचा फायदा ठरलेला होता: वर्षाचे बावन्न शनिवार मोकळे. लॅबच्या कॉम्प्युटरची डिस्क सारखी भरायची, कारण नवे प्रोग्राम आणून बसवणारा पॅकेज मॅनेजर उतरवून घेतलेलं प्रत्येक पॅकेज आपल्या फोल्डरात साठवून ठेवायचा. ते पुसायला धाकट्याला सुट्टी मोडून यावं लागे. काम दहा मिनिटांचं, पण त्यासाठी आंघोळ करावी लागे, हे पस्तिशीतल्या माणसाचं खरं दुःख.

लॅब कवळ्यांची. ताई स्क्रीनवर दातांचे आकार घडवायची, तिचा नवरा ते यंत्रातून काढायचा, आणि कॉम्प्युटर ताईच्या या भावाकडे. दोन शनिवार तो फिरकलाच नाही. डिस्क तुडुंब, म्हणून बॅकअपही अडलेला. विचारलं की उत्तर एकच, "आपोआप पुसणारी स्क्रिप्ट लिहितोय ना!"

ताईचा जीव अडकला होता एका मास्तरांच्या दातांच्या स्कॅनमध्ये. उरलेले अकरा दात काढण्याआधी डॉक्टरांनी तो करून पाठवला होता. मास्तरांनी बजावलं होतं, "कवळी माझ्याच दातांसारखी हवी. पुढचा वाकडा आहे, तो वाकडाच ठेवा." मंगळवारी दात निघाले. बुधवारी स्क्रिप्ट चालली.

"झालं साफ!" धाकट्याने हात झटकले.

"माझं आर्काइव्ह्ज फोल्डर कुठंय? मास्तरांसकट नऊ जणांचे स्कॅन आहेत त्यात!" ताईने विचारलं.

"तुझ्याही फोल्डरचं नाव तेच आहे?"

"माझं होतं! तू काय पुसलंस?"

"पॅकेज मॅनेजरच्या सेटिंगमध्ये लिहिलं होतं तेच. मनाचं काही घातलं नाही, ताई."

तिने सेटिंग उघडायला लावलं. पत्ता तीन ओळींत होता. पहिलीत मूळ जागा, दुसरीत तिच्या आतलं फोल्डर, तिसरीत नुसतं 'आर्काइव्ह्ज'. तिन्ही जोडल्या की पत्ता पुरा. धाकट्याने तिसरी तेवढी उचलली होती, आणि स्क्रिप्ट चालवली ताईच्या कामाच्या फोल्डरात उभं राहून, म्हणून तिथलंच त्या नावाचं फोल्डर गेलं.

"वरच्या दोन ओळी शोभेच्या होत्या?"

"मला वाटलं, त्या दुसऱ्या कशाच्या तरी आहेत."

"अरे, कुणी 'खालचा कप्पा रिकामा कर' म्हटलं, तर दिसेल त्या कपाटाचा करशील?"

"घरी तपासली होती गं. काहीच चूक दाखवली नाही."

"घरी त्या नावाचं फोल्डर होतं का?"

"नव्हतं."

"मग दाखवेल काय, कपाळ?"

भाऊजी यंत्र पुसता पुसता म्हणाले, "पॅकेज मॅनेजरलाच विचारायचं होतं की रे. पुरा पत्ता तोच जोडून देतो. मागे तूच मला ऐकवलं होतंस."

"हो भाऊजी, एका ओळीचं काम आहे," धाकटा उत्साहाने म्हणाला आणि चार मिनिटांत स्क्रिप्ट दुरुस्त करून मोकळा झाला. ताईला सगळ्यात जास्त चीड त्या चार मिनिटांची आली.

फायली परत मिळेनात. पुसून झाल्याझाल्या स्क्रिप्टने त्याच मोकळ्या जागेवर नवी पॅकेजं उतरवली होती. बाकीच्या आठ जणांनी नव्या स्कॅनसाठी कुरकुरत पुन्हा तोंडं उघडली. मास्तरांकडे उघडून दाखवायला काही उरलं नव्हतं.

हिशेब असा. धाकट्याने बोलणी खाल्ली, ती त्याला पचतात. ताईने एका धूसर फोटोवरून आठवडाभर अंदाज बांधले, पण पुढचा दात कुठे नि किती वाकडा ते त्यात दिसेना. बाकी सगळं मास्तरांनी भरलं: त्यांच्या तोंडात आता सरळ, सुबक, कुणा परक्याचे दात आहेत.