लांब्या आणि पांढरी कुत्री

अप्पा पडले ते सकाळी, औषधांच्या दुकानासमोर आणि सगळ्या गल्लीच्या देखत. दुकानदाराची पांढरीशुभ्र, कापसाच्या गोळ्यासारखी कुत्री पायरी उतरली मात्र, अप्पांसोबतचा ग्रेहाउंड जातीचा उंच कुत्रा मागच्या दोन पायांवर उभा राहून असा काही भुंकला की समोरच्या खिडक्या उघडल्या. पट्ट्याला हिसका बसला, अप्पा आडवे झाले आणि उजव्या मनगटाचं हाड तडकलं.

ग्रेहाउंडला घरात सगळे लांब्या म्हणत. पाच वर्षं शर्यतीत धावून तो निवृत्त झाला होता आणि आता दिवसाचे अठरा तास सोफ्यावर चारही पाय वर करून झोपायचा. घरात त्याच्याइतकं गरीब कुणी नव्हतं. बाहेर दुसरा कुत्रा दिसला की मात्र त्याच्या अंगात यायचं.

संध्याकाळी अप्पांचा थोरला मुलगा मोटारसायकलवरून आला. दादा एका शाळेचा मुख्याध्यापक, त्यामुळे घरातही तो सूचनाफलकासारखं बोलायचा.

"कुत्रा परत द्यायचा," तो अप्पांजवळ राहणाऱ्या बहिणीला म्हणाला. "या आठवड्यात."

"मला दोन महिने दे," ती म्हणाली.

"दोन महिन्यांत काय होणार?"

"तोवर त्याला फक्त मी फिरवीन. मग तू येऊन बघ."

प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून अप्पा ऐकत होते. "चूक माझी होती," ते म्हणाले. "पट्टा मी मनगटाला गुंडाळला होता. त्याची शिक्षा त्याला नको."

दादाने उसासा टाकला. दोघं एका बाजूला झाले की आपलं काही चालत नाही, हे तो लहानपणापासून ओळखून होता.

बहीण बंदरात क्रेन चालवायची. ऐंशी फुटांवरच्या केबिनमध्ये बसून तीस टनांचा कंटेनर खालच्या ट्रकवर अलगद टेकवणं, हे तिचं रोजचं काम. तिथे तिला सगळे क्रेनवाली म्हणत. लोंबकळता भार एकदा झोके घ्यायला लागला की त्याच्याशी झटापट करून उपयोग नसतो, झोका सुरू व्हायच्या आधीच हात हलका करायचा असतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

तिने आधी लांब्याला ज्या संस्थेतून आणलं होतं, तिथल्या बाईंना फोन केला.

"अहो, त्याने जन्मात ग्रेहाउंडशिवाय दुसरा कुत्रा पाहिलेला नाही," बाई म्हणाल्या. "समोरचा तो केसाळ गोळा कुत्रा आहे, हेच त्याला कळत नसेल. तो चिडत नाही, घाबरतो. आणि आपण भुंकलो की ते जातं, एवढं मात्र शिकलाय."

दुसऱ्या दिवसापासून क्रेनवालीने निरीक्षण सुरू केलं. चाळीस पावलांवर कुत्रा असला तर लांब्या नुसते कान उभे करायचा. तीसवर त्याचं अंग ताठ व्हायचं, तोंड मिटायचं. वीस पावलांवर तो कुणाचंच ऐकायचा नाही. मग तिने चाळीसची हद्द धरली. लांबवर कुत्रा दिसला आणि लांब्याने त्याच्याकडे पाहिलं की लगेच उकडलेल्या कोंबडीचा तुकडा तोंडात. कुत्रा जवळ यायला लागला की ती रस्ता ओलांडायची, नाहीतर उभ्या गाडीच्या आडोशाला जायची, नाहीतर सरळ मागे वळायची. ओरडणं नाही, पट्टा खेचणं नाही. ग्रेहाउंडची मान डोक्यापेक्षा जाड, साधा पट्टा डोक्यावरून सुटून येतो, म्हणून तिने छातीपट्टाही आणला.

पहिले दहा दिवस काहीच फरक दिसला नाही. अकराव्या दिवशी लांब्याने पलीकडच्या फुटपाथवरचा कुत्रा पाहिला आणि आपणहून मान वळवून तिच्याकडे बघितलं. 'आता दे की,' असं तोंड करून. ती रस्त्यातच मोठ्याने हसली आणि त्याला तीन तुकडे दिले.

मग ती औषधांच्या दुकानात गेली. दुकानदार तिला पाहून आधी कुत्रीला काउंटरच्या आत घेऊन गेला.

"तुमची मदत हवी होती," ती म्हणाली. "रोज सकाळी दहा मिनिटं. मैदानाच्या एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला आम्ही. फक्त चालायचं."

"माझी कुत्री चार किलोची आहे हो. तुमचा एका घासात..."

"त्याला तोंडाला जाळी असेल. आणि तुम्ही थांबा म्हणालात की मी थांबेन."

दुकानदाराने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "अप्पांचा हात कसा आहे?" त्याने विचारलं. आणि दुसऱ्या दिवशी सहाला मैदानावर हजर झाला.

मैदानाच्या दोन कडांनी, एकाच दिशेने, ते चालत राहिले. रोज दोन-दोन पावलं जवळ. एकदा घाईने दहा पावलं कमी केली तेव्हा लांब्या पुन्हा उसळला. "चूक माझी," क्रेनवालीने हात वर करून पलीकडे ओरडून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी दोघं परत लांबून चालू लागले.

सातव्या आठवड्यात दादा बघायला आला. मैदानाकडे जाताना कोपऱ्यावरून एक मोकळा तपकिरी कुत्रा सुसाट आला. मागून त्याचा मालक ओरडत होता, "काही करत नाही हो आमचा!"

"पट्टा आवळ! ओरड त्याला!" दादा म्हणाला आणि स्वतः एका फाटकाला चिकटला.

क्रेनवालीने लांब्याला पाठीमागे घेतलं आणि खिशातली मूठभर कोंबडी त्या तपकिरी कुत्र्याच्या नाकासमोर जमिनीवर उधळली. तो जागच्या जागी थांबून खायला लागला. लांब्या दोनदा भुंकला, मग तिच्या हाताकडे पाहायला लागला. तिने त्याला शेवटचा तुकडा दिला आणि दोघं शांतपणे उलट्या दिशेने चालू लागली.

दादा धापा टाकत मागून आला आणि म्हणाला, "आमच्या सातवीच्या वर्गावर तुला पाठवायला हवं."

प्लास्टर निघालं, मनगटात जोर आला, तसा अप्पांनी पट्टा पुन्हा हातात घेतला. या वेळी तळहातात, गुंडाळून नाही. क्रेनवाली शेजारून चालली. दुकानासमोर पांढरी कुत्री पायरीवर बसली होती. लांब्याने तिच्याकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, तुकडा घेतला आणि पुढे गेला. अप्पांचं पाऊल थबकलं नाही.

लांब्या सगळ्यांचा मित्र झाला नाही, आणि तशी तिची अपेक्षाही नव्हती. अंगावर धावून येणारी पिल्लं त्याला आजही खपत नाहीत. अशा वेळी घरचे रस्ता बदलतात.

महिन्याभराने दुकानदार संकोचत दारात आला. "आमची कुत्री मोटारसायकल दिसली की फार भुंकते हो. काही करता येईल?"

"येईल की," क्रेनवाली म्हणाली. "उद्यापासूनच सुरू करू. मोटारसायकल दादाची घेऊ. त्याला कसं सांगायचं, ते मी बघते."