गार्डाचा कोंबडा

अंगणात खाकी दिसली की तानी आधी कोंबड्यांवर डालगं पालथं घालायची, मग कोयता आढ्यात खोचायची. मुरबाडकडच्या त्या डोंगरवाड्यांत पोरींना चूल पेटवायच्या आधी हेच शिकवत. जंगलातनं मोळी आणली की जंगलखात्याचा गार्ड कोयता काढून घ्यायचा आणि कोंबडा मिळाला की परत द्यायचा. मेल्याच्या घरी काय दुष्काळ पडला होता कोण जाणे. नवरा, गोमा, त्याच्यापुढे हात जोडायचा आणि तानी दातओठ खात बघायची.

आणि पोटची पोर रविना बारावी होऊन म्हणते काय, तर मी गार्ड होणार. तानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुझ्या आजाला बैलजोडी पायजे होती. बापाला शहापूरच्या हापिसात शिपाई व्हायचं होतं. दोघांचं नाय झालं, पन लाज वाटंल असं तरी त्यांनी मागितलं नाय. तू त्याच मेल्यांच्या पंगतीला बसनार?"

"कोन तरी बसनारच ना, आये. मग मी का नको?"

तानीनं अबोला धरला. पोर मात्र रोज बांधावरून धावत राहिली, भरतीत निवडली गेली आणि नेमणूकही जवळच मिळाली. तिची मावशी गिरजा राहायची त्याच वाडीवर.

तानी बहिणीकडे नाचणी झोडपायला गेली होती, तेव्हा कुडापलीकडे खाकी दिसली. मागीलदारी मोळी पडली होती. तानीचा हात आपसूक डालग्याकडे गेला. मान वर केली तर रविना. तोवर गिरजा पाय बांधलेला कोंबडा घेऊन पुढं गेलीसुद्धा.

रविनानं तो घेतला. घेतला. तानीला वाटलं, आत्ताच्या आत्ता हिच्या कानाखाली वाजवावी. पण पोरीनं दोरी सोडली आणि कोंबडा खाली ठेवला. तो फडफडत शेणकीच्या खड्ड्याकडे पळाला.

गिरजाचं तोंड उतरलं. तिनं हात जोडले.

"बारका वाटला का? दुसरा धरून आनते, बाईसाहेब."

"मावशे, मी रविना गो. तू न्हाऊ घालायचीस मला."

"वळखलं ना, बाईसाहेब," गिरजा म्हणाली. हात तसेच.

तानी उठली. इतके दिवस पोरीवर धरलेला राग आता कुणावर काढावा, तिला कळेना. तिनं बहिणीचे जोडलेले हात धरले आणि ओढून वेगळे करू लागली. ते सुटत नव्हते.