डिकीत राहिलेले बोंबील

मी एक जुनी मोटार आहे. मॉरिस मायनर म्हणतात मला. रंग फिकट हिरवा, डोळे गोल, आणि वळायचं असलं की दाराशेजारच्या खाचेतून एक छोटा पिवळा हात बाहेर काढते. हल्लीच्या गाड्या नुसता दिवा मिचकावतात. मी हात दाखवते. आमच्या काळात शिष्टाचार होता.

मित्रांनो, जुनी म्हटलं की तुम्हाला भंगार आठवत असेल. तसं काही मनात आणू नका. मी बहरीनमध्ये मुहर्रकला राहते आणि माझं बरं चाललं आहे. अगदी बरं. त्याची गोष्टच तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. तिथून बोटीने मी इथे आले, तेल कंपनीतल्या एका साहेबाकडे. तेव्हा बहरीनमध्ये गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत. मग एके वर्षी कायदा बदलला आणि सगळी वाहतूक उजवीकडे गेली. माझं स्टिअरिंग मात्र होतं तिथेच राहिलं. साहेब म्हणाला, ही आता चुकीच्या बाजूची झाली. बाजू बदलली रस्त्याने आणि चूक ठरले मी!

मला घेतलं ताहिर नावाच्या मुहर्रकच्या कापडव्यापाऱ्याने. लग्न झाल्यावर तो आणि त्याची बायको झोहरा काही वर्षं मुंबईत राहिले होते. तिथल्या गाड्यांची स्टिअरिंगं उजवीकडेच, त्यामुळे त्याला मी मुळीच चुकीची वाटले नाही. दोघं आपसात भांडायला मुंबईची हिंदी वापरत, म्हणजे मुलांना कळू नये. भांडणाचं कारण बहुतेक वेळा मीच असे. ताहिरला मासळीचं वेड. सकाळी बाजारात जायचा, साफी नावाची इथली लाडकी मासळी वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि थेट माझ्या डिकीत टाकायचा. संध्याकाळी झोहरा नटूनथटून, अत्तर लावून माझ्यात बसायची, अंगावरच्या काळ्या अबायाची, म्हणजे बुरख्यासारख्या झग्याची, कड नाकाला लावायची आणि म्हणायची, "ताहिर! गाडी है कि मछी बाजार?"

तो हसायचा. मग खिडक्या उघड्या टाकून आम्ही बुसैतीनच्या किनाऱ्यावर जायचो. अशी कितीतरी वर्षं गेली. मी फार सुखात होते.

ताहिर गेला आणि मी शेडमध्ये धूळ खात पडले. त्याचा मुलगा हाशिम माणूस चांगला, पण त्याला मोठ्या, थंडगार गाड्यांची सवय. माझ्या टपावर कबुतरं बसत. मला विकायला झोहराने नकार दिला होता आणि मला चालवायला कोणी नव्हतं. मित्रांनो, वापरावाचून पडून राहणं फार वाईट. झीज परवडली, पण गंज नको.

अशात एकदा झोहराचं मनगट दुखावलं. इस्पितळात एक्स-रे काढणारा होता वसईचा हिलरी. गप्पिष्ट माणूस. त्याने आपुलकीने अम्मा म्हणत हाताचा फोटो काढला, आणि पुढे चौकशीला म्हणून घरी आला, तर शेडमध्ये मी! त्याने काचेवरची धूळ बाहीने पुसली, आत डोकावला आणि आपल्या भाषेत स्वतःशीच ओरडला, "अरे, ही तर आपल्याकडची! स्टिअरिंग बघ ना, उजवीकडे हाय!"

मला कोणी आपल्याकडची म्हणेल असं वाटलं नव्हतं. मी तेव्हाच त्याची झाले. हाशिमने मला देऊन टाकलं, एकाच अटीवर. वर्षातून एकदा, हवा थंड असताना, अम्माला माझ्यातून किनाऱ्यावर न्यायचं. बाबा न्यायचे तसं. राहायची जागा शेडमधलीच ठरली, कारण हिलरीच्या फ्लॅटखाली माझ्यासारखीला सावली नव्हती.

हिलरीने मला जपलं, आणि काय जपलं! रविवारी चर्चहून आला की कपडे बदलून माझ्यामागे हात धुवून लागायचा. पॉलिश, ब्रश, सुवासिक फवारे. त्याची बायको लुर्डस म्हणायची, "एवढं मला पुसलं असतंस तर मीपण चमकले असते."

दर हिवाळ्यात झोहरा माझ्यात बसायची. हुंगायची. इकडेतिकडे बघायची. परतल्यावर म्हणायची, "अच्छी है. बहुत साफ है." हिलरीला वाटे, शाबासकी मिळाली. तो पुढच्या वर्षी आणखी पॉलिश आणायचा. मला मात्र कळत होतं की ती गप्प होऊन उतरते. पण मोटारीला हॉर्नपलीकडे बोलता येत नाही.

आता गेल्या हिवाळ्याचं सांगते. थंड देशांत हिवाळा आला की जुन्या गाड्या गुंडाळून ठेवतात. इथे उलटं. आमचा उन्हाळा विस्तवासारखा, तेव्हा मी झोपते, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हिंडते. पण त्या वर्षी वसईला हिलरीची आई पडली, खुब्याचं ऑपरेशन ठरलं, आणि सगळ्यांना रजा घेऊन हिवाळाभर तिकडे जावं लागलं. माझं हिंडणं राहिलं आणि झोहराचा फेराही राहिला. तिची तब्येत त्या वर्षी उतरत चालली होती. बोलणं कमी झालं होतं, माणसं ओळखताना अडखळत होती. हिलरीने हाशिमला शब्द दिला, "फेब्रुवारीअखेर येतो. गरमी सुरू व्हायच्या आत अम्माला नेतोच."

"इंशाल्ला," हाशिम म्हणाला.

निघायच्या आधी हिलरीने माझी साग्रसंगीत तयारी केली. मला धुऊन पूर्ण कोरडं केलं. टाकी काठोकाठ भरली, म्हणजे आत ओल धरत नाही. तेल बदललं. बॅटरीची तार सोडवली. चाकांत नेहमीपेक्षा जास्त हवा भरली. हँडब्रेक न ओढता चाकांना विटा लावल्या, कारण महिनोन्महिने ओढून ठेवला तर ब्रेक आतल्या आत चिकटतात. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबली. खाऱ्या, दमट हवेत श्वास घेता यावा म्हणून खिडक्या दोन बोटं खाली ठेवल्या आणि वर सुती आच्छादन घातलं.

लुर्डसचीही तयारी चालली होती. तिच्या माहेरी पावसाळ्याआधी आगोट भरतात, म्हणजे सुकी मासळी, मसाले, सगळी बेगमी. तिचा भाऊ दर वर्षी तिला सुके बोंबील पाठवतो. फ्लॅटमध्ये झुरळांचं औषध मारायचं होतं, म्हणून बोंबलांची पिशवी तिने एका रात्रीपुरती माझ्या डिकीत आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी विमान. धांदलीत पिशवी राहिली, आणि किल्ली हिलरीच्या खिशातून वसईला गेली.

मग काय! दोन बोटं उघड्या खिडक्यांतून वास निघाला आणि मुहर्रकभर गेला. आधी एक बोका आला. मग त्याची सोयरीक आली. शिंकं काही तुटलं नव्हतं, तरी बोके आशेने बसले. टपावर मांजर, बॉनेटवर मांजर, चाकाशी मांजर.

हाशिमने हिलरीला फोन केला, मोठेपणी बाजारात शिकलेल्या मोडक्या हिंदीत. "हिलरी भाई, तुम्हारी गाडी पे बिल्ली लोग का मजलिस बैठा है. रोज. क्या डाला है अंदर?"

"कुछ नहीं डाला!" हिलरी छातीवर हात ठेवून म्हणाला. समोर लुर्डस जेवत होती. तिचा घास हातातच राहिला. पण ती डाळीत बघत राहिली. हे तिनेच पुढे हसत हसत सांगितलं.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. आदल्या वर्षी उंदरांनी माझ्या वायरी कुरतडल्या होत्या. त्या हिवाळ्यात शेडकडे एक उंदीर फिरकला नाही. असा पहारा राजवाड्यालाही मिळत नसेल.

फेब्रुवारीअखेर मंडळी परतली. हिलरीने विमानतळावरून घरी जायच्या आधी मला गाठलं. आच्छादन काढलं, दार उघडलं आणि दोन पावलं मागे गेला.

"लुर्डस! माझ्या गाडीत कोण मेलं?"

"कोण नाय मेलं," लुर्डस पदराआडून हसावं तशी ओढणीआडून म्हणाली. "बोंबील हायत."

त्यांची मुलगी मेलिसा नाक दाबून उभी. "डॅड, आय ॲम नॉट सिटिंग इन दॅट!"

हिलरी रडायच्या बेतात आला. त्याने सोडा लावला, लिंबू चोळलं, व्हिनेगर शिंपडलं, गालिचे उन्हात टाकले, शेवटी हाशिमच्या घरचं ऊद आणून धुरी दिली. त्याने एवढंच झालं की बोंबलांना अत्तर लागलं.

तेवढ्यात हाशिम सांगायला आला. आई आता दिवसदिवस बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, गरमी सुरू झाली की तिला बाहेर काढायचं नाही. येता शुक्रवार एवढाच काय तो थंड दिसतो.

"या गाडीत? तिच्या नवऱ्याच्या गाडीत, या वासात?" हाशिम गेल्यावर हिलरी लुर्डसला म्हणाला. "नको. पुढच्या हिवाळ्यात नेऊ."

"पुढचा हिवाळा कोणी बघितलाय, हिलरी?" लुर्डस म्हणाली. "वास माझा. बोलणी मी खाईन. तू गाडी काढ."

शुक्रवारी सकाळी विटा निघाल्या, चिंधी निघाली, बॅटरीची तार लागली. दाराशी खुर्चीत झोहरा बसली होती, काळ्या अबायात अगदी एवढीशी. मला धडकी भरली होती. इतके महिने झोपलेली मी, नेमकी आज उठले नाही तर? हिलरीने किल्ली फिरवली. मी खोकले. पुन्हा फिरवली. पुन्हा खोकले. मग त्याने पुढून हँडल घालून जोर लावला, आणि मी सगळा जीव एकवटून सुरू झाले. मांजरं पळाली. "यल्ला! चलो!" हाशिम ओरडला.

त्यांनी झोहराला तिच्या नेहमीच्या जागी, पुढे डावीकडे बसवलं. मागे लुर्डस बसली, बोलणी खायच्या तयारीने. दारं लागली. मुहर्रकच्या गल्ल्यांतून निघालो. झोहरा समोर बघत होती. कोण कुठे नेतंय, काही कळल्यासारखं दिसेना. ऊन चढलं, डिकी तापली आणि वास उसळून पुढे आला. हिलरीच्या कपाळावर घाम.

झोहराचं नाक हललं. तिने हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग सावकाश अबायाची कड नाकाला लावली, वळली, आणि हिलरीच्या दंडावर एक चापट मारली.

"ताहिर! गाडी है कि मछी बाजार?"

मित्रांनो, किती वर्षांनी ऐकलं मी ते! माझं इंजिन एक ठोका चुकलं. हिलरीने गाडी बाजूला घेतली. कपाळ पुसलं. मग म्हणाला, "ताजी साफी है, अम्मा."

"झूठ!" झोहरा म्हणाली. तिच्या डोळ्यांत लकाकी आली होती. "मैं बंबई में रही हूँ. सुक्का बोंबील है!"

आणि ती हसली. पोट धरून हसली. मागे लुर्डस हसत होती आणि हिलरी हसता हसता रडत होता. किनाऱ्यावर खिडक्या पूर्ण खाली केल्या. झोहरा समुद्राकडे बघत बराच वेळ बोलत राहिली, थोडं अरबीत, थोडं मुंबईच्या हिंदीत. परतताना तिने माझ्या दारावर हात फिरवला. "आज उनकी गाडी आई," ती म्हणाली. "साफ नहीं थी. उनकी थी."

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा. ओल, ऊन, उंदीर यांपासून जरूर राखा. टाकी भरा, विटा लावा, हँडब्रेक सोडा. पण आमच्यावरच्या माणसांच्या खुणा खरवडून काढू नका. आम्ही नव्या दिसावं म्हणून टिकलेलो नाही.

हिलरी अजून दर रविवारी मला पॉलिश करतो. डिकीला मात्र हात लावत नाही. यंदाचा उन्हाळा मी शेडमध्ये झोपून काढला, मांजरांच्या पहाऱ्यात. परवा हवा पालटली आणि हाशिमचा फोन आला. हिलरी मला चाकांत हवा भरायला पंपावर घेऊन गेला होता आणि माझ्याच शेजारी उभा होता, म्हणून मला ऐकू आलं.

"हिलरी भाई, अम्मा सुबह से दरवाजे पे बैठी है. पूछती है, मछी बाजार कब आएगा?"