कूलरसमोरची खुर्ची

खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत एक क्लब होता, क्लबात वाचनालय होतं आणि वाचनालयात एकच कूलर होता. कूलरसमोर एकच खुर्ची. नागपूरकडचं मे महिन्याचं ऊन ज्याने अंगावर घेतलंय, त्याला त्या खुर्चीचं मोल सांगायला नको. क्लबाचा नियम असा, की मुंबईच्या इंग्रजी पेपरातलं रविवारचं शब्दकोडं जो आधी बिनचूक सोडवेल, त्याची ती खुर्ची आठवडाभर. कोडं पेपरात रोजच असायचं; पेपर इकडे एक दिवस उशिरा यायचा, म्हणून रविवारच्या कोड्याची लढत सोमवारी संध्याकाळी. मंगळवारी उत्तरं छापलेला पेपर आला की निकाल.

गेले तीन उन्हाळे खुर्ची भैय्याजींची होती. भैय्याजी टाइम ऑफिसात हजेरी लिहिणारे कारकून, शिक्षण मॅट्रिक, तेही रडतखडत. पण कोणी नुसतं "पाच अक्षरं, शेवटी एच" म्हणायचा अवकाश, की हे "बेंच, ब्रश, टीथ, डेथ, कोणतं पाहिजे?" म्हणून मोकळे. घरात त्यांना कोणी विचारत नसे, ऑफिसात साहेब उठताबसता झापत. अख्ख्या जगात ही एकच जागा होती, जिथे ते आले की माणसं सरकून वाट देत. खुर्ची गेली तर आपण नुसते एक घामाघूम कारकून उरू, ही भीती त्यांना आतून कुरतडत होती.

आणि नेमकी प्रयोगशाळेत लतिका आली. नवी केमिस्ट, कॉलेजात इंग्रजीची बक्षिसं मिळवलेली, स्वभावाने साधी, म्हणून जास्तच घातक. गेल्या सोमवारी तिने कागद दिला, तेव्हा भैय्याजींच्या कागदावरची शाई वाळायची होती.

मग त्यांनी जे केलं ते त्यांच्यासारख्या पापभीरू माणसाला शोभणारं नव्हतं. पुढच्या सोमवारी सकाळी पोस्टात जाऊन त्यांनी दादरच्या मेहुण्यांना, मधुकररावांना, ट्रंककॉल लावला. मधुकरराव तिथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवत. "मधुकरराव, आजच्या पेपरातलं कोडं सोडवून देता काय? दुपारी पुन्हा फोन लावतो," भैय्याजी घाम पुसत म्हणाले. दुपारी उत्तरं आली. त्या पेपरातल्या चौकटीची आखणी वर्षानुवर्षं तीच असे, बदलत ते फक्त शब्द. भैय्याजींनी सगळे शब्द जेवणाच्या सुट्टीत तोंडपाठ केले.

संध्याकाळी क्लबाचे सेक्रेटरी आनंदराव यांनी कार्बन घालून काढलेल्या कोड्याच्या प्रती वाटल्या. बाकीचे सूचना वाचू लागले. भैय्याजींनी सूचनांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कपातला चहा निवायच्या आत त्यांनी चौकट भरली, कागद आनंदरावांच्या हाती दिला आणि जाऊन कूलरसमोर पाय ताणून बसले. लतिका नुसती बघत राहिली. सगळ्यांसारखाच तिनेही मग आपला कागद पुरा करून दिला.

मंगळवारी सगळी कॉलनी निकालाला लोटली. आनंदराव पेपर उघडून मोठ्याने वाचू लागले. "राजाचं बसायचं आसन, सहा अक्षरं. भैय्याजींनी लिहिलं, पोटॅटो." हशा पिकला. "न्यायाधीशाचा पोशाख, चार अक्षरं. भैय्याजींचं उत्तर, गोट." कोणाला हसता हसता ठसका लागला. एक शब्द बरोबर असेल तर शपथ. भैय्याजी खुर्चीत मुटकुळं करून बसले. मधुकररावांनी आपला काटा काढला, असंच त्यांना वाटलं.

एवढ्यात लतिका पेपरावर वाकली. त्याच पानावर नवं कोडं होतं. "थांबा ना जरा," ती म्हणाली. "दाढीवाला प्राणी, चार अक्षरं. गोट! जमिनीखाली वाढणारी भाजी, सहा अक्षरं. पोटॅटो! भैय्याजींनी हे कोडं भरलं आहे. काल!"

भैय्याजींच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. सोमवारी आपण 'आजचा' म्हणालो तो पेपर मुंबईत आदल्या दिवसाचा होता. मेहुण्यांनी बिचाऱ्यांनी मुंबईचं सोमवारचं कोडं सोडवून दिलं, जे इथे पोचायला मंगळवार उजाडला.

"म्हणजे भैय्याजीले उद्याचं आजच दिसते!" कोणीतरी ओरडलं. आणि काय सांगावं, हसणारी माणसं पाहता पाहता गंभीर झाली. आनंदरावांनी स्वतः उठून कूलरचं तोंड भैय्याजींकडे वळवलं. भैय्याजींनीही हळूच पाय ताणले. लाज वाटत होती, पण वारा गार होता.

कॅरमच्या कोपऱ्यातून बॉयलरवरचा फिटर बळीराम पुढे आला. इंग्रजीशी त्याचं देणंघेणं नव्हतं. त्याने सरळ भैय्याजींचे पाय धरले.

"भैय्याजी, उद्या माह्या बायकोचं, कौसल्याचं, नागपूरले रामदासपेठेत ऑपरेशन आहे. डॉक्टर काही धड सांगून नाही राहिले. तुमाले दिसते म्हणतात. बरी होईल ना ते?"

'होईल' एवढंच म्हणायचं होतं. भैय्याजींच्या ओठांवर आलंही. पण बळीरामचे डोळे इतके भाबडे होते, की भैय्याजी उठूनच उभे राहिले.

"उठ गा बळीराम. मले काही दिसत नाही. मुंबईले ट्रंककॉल केला होता मी. साळ्याले आजचं कोडं विचारलं, त्यानं तिकडचं आजचं सांगितलं. चोरी केली, अन् तेही धड नाही जमली."

छत हादरेल असा हशा पिकला. आनंदरावांनी डोळे पुसत जाहीर केलं की बिनचूक कागद आधी लतिकाबाईंचा, तेव्हा खुर्ची त्यांची. हसले नाहीत दोघंच, एक लतिका आणि दुसरा बळीराम.

"म्हणजे उद्याचं तुमाले बी नाही माहीत?" त्याने विचारलं.

"नाही गा." भैय्याजी खुर्ची सोडून त्याच्याजवळ आले. "किती वाजता नेऊन राहिले तिले?"

"सकाळी."

"मंग मी येतो संगं. तू एकटा नको बसू तिथं."

बळीरामने मान डोलावली. तो कॅरमच्या बाकावर जाऊन बसला, आणि सरकून त्याने भैय्याजींना जागा करून दिली.